एका दिवसापुरतं बंद

आत्याबाईंनी पेटलेली गोवरी अंगणाच्या मधोमध ठेवली आणि कमरेवर हात देऊन धुराकडं बघत उभ्या राहिल्या. धूर आधी सरळ वर गेला, जरा घुटमळला आणि मग सावकाश आमच्याच दाराकडं वळला.

"मेल्याला रोज सांजंला हिकडंच यायचं आस्तं," त्या म्हणाल्या. हे वाऱ्याला उद्देशून होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या दिराचं, धनाजीचं, घर बघायला पाहुणे येणार होते. मुलगी आमच्या लोकांनी आधीच बघितली होती आणि ती पसंतही होती. आता त्यांनी आमचं घर पसंत करायचं राहिलं होतं. आणि गव्हाणवाडीत घर पसंत पडणं हे घरावर कधीच अवलंबून नव्हतं.

आमच्या वाडीच्या बांधाला लागूनच शहराचा कचरा डेपो आहे. माझ्या नवऱ्याच्या लहानपणी तिथं खड्डा होता म्हणे. मी लग्न होऊन आले तोवर त्याचा डोंगर झाला होता. सकाळी वारा वाडीकडून डेपोकडं जातो, दुपारनंतर फिरतो. म्हणून आमच्याकडं सोयरिकीचे पाहुणे सकाळीच बोलवायचे, घाईघाईनं पोहे द्यायचे, ऊन चढायच्या आत जेवू घालायचं आणि वारा फिरायच्या आत हात जोडून वाटेला लावायचं. बाहेरच्यांना वाटायचं, काय अगत्याची माणसं आहेत, बसू म्हणून देत नाहीत! मागच्या खेपेला मात्र मुलीचे मामा जेवून ओसरीवर आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. उठले ते नाकाला उपरणं लावूनच. ते स्थळ तिथंच मोडलं.

माझे वडीलही असेच एका सकाळी येऊन, जेवून, खूश होऊन गेले होते. मला वास कळला तो लग्नानंतरच्या पूजेच्या दिवशी. प्रसादाचा शिरा हातात घेतला आणि वारा फिरला. मला वाटलं शिराच आंबलाय. शेजारणींकडं बघितलं तर सगळ्या पदराआड निवांत खात होत्या. त्या रात्री मी नवऱ्याला विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलं?" हणमंतराव म्हणाले, "सांगितलं असतं तर तू आली असतीस का?"  मला राग आला, आणि तो पुष्कळ दिवस राहिला.

पण मी सांगतेय त्या वर्षी वाऱ्याचं गणितच चुकायला लागलं होतं, कारण डेपोवर मशीन आलं होतं.

ते मशीन आणलं मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. आणलं म्हणजे विकत नव्हे. नगरपालिका, कलेक्टर कचेरी, मंत्र्यांचे दौरे, जिथं जमेल तिथं ते अर्ज घेऊन उभे राहिले. त्यांच्या चपलांचे अंगठे झिजले तरी माणूस मागं हटला नाही. शेवटी सरकारचं नवं धोरण आलं. जुने डेपो खणून, चाळून, जमीन पुन्हा मोकळी करायची असं ठरलं आणि आमचा डेपो त्यात बसला. नगरपालिकेचे एक साहेब ग्रामसभेत येऊन सगळं समजावून गेले. माती वेगळी निघेल, दगडविटा वेगळ्या निघतील, आणि प्लास्टिकचे गठ्ठे बांधून सिमेंटच्या कारखान्यात जाळायला जातील. शिवाय आता कायदाच झालाय, म्हणाले, ज्या कंपनीचं वेष्टन, त्याची जबाबदारी त्याच कंपनीची.

"मंग आमच्या मालकांच्या गुटख्याच्या पुड्या न्यायला कंपनी घरी येणार का?" आमच्या बचत गटातल्या पारूबाईंनी विचारलं. सभा हसली, साहेबही हसले. मामंजी तेवढे हसले नाहीत. ते मान खाली घालून डोळे पुसत होते.

मशीन म्हणजे एक भलीमोठी गोल फिरणारी चाळण, आणि तिला घास भरवणारे दोन पिवळे जेसीबी. मी जळणाला जाताना बांधावरून बघायची. पिशव्यांचा अंत नव्हता. दुधाच्या, वेफरच्या, शाम्पूच्या, तेलाच्या. आतला माल कधीच खाऊन, धुऊन संपला होता, खाणारी माणसंही काही संपली असतील, पण पिशवीचा रंग जसाच्या तसा. मला ते बघून भीतीही वाटायची आणि आनंदही व्हायचा, कारण निघत तर होतं.

मला त्याची घाई का होती ते सांगते. आदल्या उन्हाळ्यात डेपोला आतून आग लागली होती. ती दिसत नाही, नुसती धुमसते. त्या धुरानं माझ्या लेकीला, ईश्वरीला, अशी धाप लागली की ओठ निळे पडले. हणमंतरावांनी तिला मोटरसायकलवर पुढं घेतली, मी मागं बसले, आणि सरकारी दवाखाना येईपर्यंत ती श्वास घेते की नाही ते मी हात लावून बघत होते. तेव्हापासून घरात वाफेचं मशीन आलं आणि माझी रात्रीची झोप गेली. डॉक्टर म्हणाले होते, औषध देतो, पण खरं औषध जागा बदलणं. जागा कुठली बदलणार? शेत इथं, घर इथं. म्हणून मी म्हणायची, आम्ही नाही हलत, तो डोंगर हलू दे.

पण खणायला लागल्यावर वर्षानुवर्षं दबलेला वास मोकळा झाला. मशीन चालू असलं की वारा कुठूनही असो, वास चारी बाजूंनी यायचा. आम्ही तो दात खाऊन सोसत होतो. बाळंतीण कळा सोसते तसंच हे, असं पारूबाई म्हणायच्या. पाहुण्यांना मात्र हे कोण समजावणार?

तर त्या संध्याकाळी धूर आमच्या दाराकडं वळला आणि आत्याबाई कपाळाला हात लावून पायरीवर बसल्या.

"सकाळी वारं फिरलं तरी भागायचं न्हाय. त्या मशिनीनं वाट लावली. धनाजी तिशी वलांडून गेलाय. आता हे बी मोडलं तर पोरगं सडं ऱ्हायचं."

धनाजी गोठ्याच्या दाराशी उभा होता.  तो तसा कमी बोलणारा, पण त्या मुलीला बघून आल्यापासून एकटाच हसत असायचा, हे मी पाहिलं होतं.

"एक दिवस मशीन बंद ठेवायला सांगू की," हणमंतराव म्हणाले. "भदाणे साहेब काही परका माणूस नाही. रोज आपल्याकडचा चहा पितो."

भदाणे म्हणजे ठेकेदाराचे सुपरवायझर. गोड बोलायचे, सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचे.

"नको," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सुनेनं असं पटकन नको म्हणायची पद्धत आमच्याकडं नाही.

"मामंजी, तुम्ही एवढ्या खस्ता खाऊन ते मशीन आणलंत. आपणच त्यांना थांबा कसं म्हणायचं?"

मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "एका दिसानं काय व्हतंय गं पोरी? येवढं वरीस चालंल ते काम. धनाजीचं एकदा मार्गी लागू दे."

"मग पाहुण्यांना खरंच सांगून टाकू. वास येतो, पण आता जाणार आहे."

"खरं सांगून कुणाचं लगीन झालंय या वाडीत?" आत्याबाई उसळल्या. "तुझं झालं का?"

मी उठून गोवरीवर पाणी ओतलं.

सकाळी मामंजी, दोघं भाऊ आणि भावकीतले चौघं असे डेपोच्या फाटकावर गेले. सगळे पाहुण्यांसाठी नटलेले. पांढरेशुभ्र कपडे, मामंजींच्या डोक्यावर ठेवणीतला फेटा. थोड्या वेळानं धनाजी पळत परत आला आणि आळीतल्या आणखी माणसांना हाका मारायला लागला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय नाही वैनी, साहेब तयार हायेत. म्हणाले, आणखी थोडी माणसं आली तर बरं, म्हंजे वरच्या साहेबांना सांगता येतंय की गावानंच विनंती केली."

म्हातारेकोतारे, पोरंसोरं, सगळे गेले. लग्नकार्याला कुणी नाही म्हणत नाही आमच्याकडं. आणि खरंच मशीन थांबलं. इतक्या दिवसांच्या घरघरीनंतर एकदम शांत झालं, तेव्हा कोंबड्यासुद्धा दचकल्यासारख्या उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. मामंजी परत आले ते छाती पुढं काढून. "देवमाणूस हाय भदाणे," म्हणाले. "हात जोडाया लागू दिलं न्हाय."

पाहुणे आले. मुलीचे वडील, मामा, आत्या आणि चक्क मुलगीही. मुलीनं स्वतः घर बघायला यायचं हे वाडीत नवीनच होतं. आत्याबाईंचा चेहरा जरा आंबट झाला, पण पोहे गोडीनं दिले. मुलीचं नाव कल्याणी. बीकॉम झालेली, सावळी, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलणारी. पोहे खाऊन ती उठली आणि मला म्हणाली, "वैनी, परस दाखवता?"

परसात मी तिला शेवग्याचं झाड दाखवलं, हौद दाखवला, म्हैस दाखवली. तिनं म्हशीकडं बघितलंही नाही.

"वैनी, इथं वास येतो का हो?"

खिडकीच्या आत आत्याबाई भांडी लावत होत्या. तो आवाज थांबला.

 येत नाही म्हणावं तर माझ्याशी जे केलं गेलं तेच मी हिच्याशी करणार. येतो म्हणावं तर धनाजीचं तोंड पुन्हा बघवणार नाही, आणि या घरात मला जन्मभर ऐकावं लागणार. मी शेवग्याची एक शेंग उगाच चाचपून बघितली.

"येतो," मी म्हणाले. "सकाळचा नाही येत. दुपारनंतर येतो. कधीकधी घास गिळवत नाही. माझ्या लेकीला त्यानं धाप लागते. पण ते बघ पलीकडं. मशीन आलंय. निम्मा नाही तरी बराच डोंगर काढलाय. वर्षभरात जमीन मोकळी होईल. हे मी मनाचं सांगत नाही, सरकारनं लिहून दिलंय."

तिनं टाचा उंचावून बांधापलीकडं बघितलं. पिवळे जेसीबी माना खाली घालून उभे होते.

"आज बंद दिसतंय."

एकदा खरं बोलायला सुरुवात केली की थांबणं अवघड जातं. "आज तू येणार म्हणून बंद ठेवलंय. चालू असलं की वास जास्त येतो."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग एकदम हसायला लागली. तोंडावर ओढणी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"माझ्यासाठी जेसीबी बंद?" ती म्हणाली. "वैनी, तुम्ही लोक आमच्याकडं आलात ना, तेव्हा बाबांनी टँकर मागवून हौद भरून ठेवला होता. आमच्याकडं आठवड्यातून एकदाच पाणी येतं."

मग मलाही हसू आवरेना. दोघी त्या म्हशीपुढं वेड्यासारख्या हसत होतो आणि आतून आत्याबाईंना काही कळत नव्हतं.

सोयरीक जमली. लग्न झालं. धनाजी वरातीत असा नाचला की त्याच्या मित्रांनाच लाज वाटली.

मशीन मात्र सुरू झालं नाही.

पाहुणे येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भदाणे म्हणाले, चाळणीचा पट्टा तुटलाय. मग म्हणाले, मोठे साहेब बाहेरगावी आहेत. आम्ही लग्नाच्या गडबडीत होतो, कुणी फार विचारलं नाही. मग पावसाळा लागला आणि पावसात काम नसतंच असं आम्हीच एकमेकांना सांगितलं. पुढं एक दिवस लांबलचक ट्रेलर आला आणि चाळण घेऊन गेला. जेसीबी आपल्या चाकांवर गेले. शहराच्या गाड्या पुन्हा यायला लागल्या, आणि जेवढं काढलं होतं तेवढं बघता बघता भरलं.

मामंजींनी पुन्हा अर्ज सुरू केले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, प्रस्ताव विचाराधीन आहे. मग त्यांचे गुडघे गेले. आता ते ओसरीवर बसून डेपोकडं पाठ करतात, एवढंच.

कल्याणीला मुलगा झाला, शौर्य. रांगायला लागायच्या आधीच त्याची छाती वाजायला लागली. ईश्वरीचं वाफेचं मशीन माळ्यावरून पुन्हा खाली आलं. लेकराच्या तोंडाला तो मुखवटा लावून कल्याणी बसायची आणि वाफ संपेपर्यंत हलायची नाही. मला म्हणाली, "वैनी, पुरुष जाऊन थकले. आता आपण जाऊ."

आम्ही दोघी बचत गटाच्या नावानं नगरपालिकेत गेलो. स्वच्छता विभागात नुकत्याच बदलून आलेल्या एक मॅडम होत्या. माणूस म्हणून चांगल्या. आम्हाला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि संगणकावर शोधायला लागल्या. शोधता शोधता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पण ताई, काम तर तुमच्याच गावानं अडवलं होतं ना?"

"आम्ही? आमच्या सासऱ्यांनी तर ते आणलं!"

त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडं वळवला.

फोटो होता. चाळणीच्या पुढं आमची सगळी आळी उभी होती. मधोमध फेटा बांधलेले मामंजी, दोन्ही हात वर केलेले. बाजूला हणमंतराव, धनाजी, म्हातारे, कडेवरची पोरं. खाली तारीख होती, आणि छापलं होतं : स्थानिक ग्रामस्थांच्या तीव्र विरोधामुळे काम स्थगित.

मला एकदम सगळं दिसलं. जास्त माणसं का बोलवली ते. भदाण्यांनी हसत हसत म्हटलं असेल, एक आठवण म्हणून काढू, आजोबा, हात वर करा जरा. आणि मामंजींनी केले असतील. आनंदानं केले असतील.

"वरचं कोरडं तेवढं ठेकेदारांनी काढलं," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "खाली पाणी धरलेला कचरा होता, तो त्यांना परवडत नव्हता. आपण होऊन सोडलं असतं तर दंड बसला असता. गावाचा विरोध दाखवला की दंड नाही."

"मोर्चाला कुणी असं नटून जातं का हो मॅडम?" मी म्हणाले. माझा आवाज फाटला. "बघा की! इस्त्रीचे कपडे बघा, फेटा बघा!"

कल्याणी पडद्याकडं बघत होती. ती खुर्चीतून उठली.

"मॅडम, ही माणसं काम अडवायला नव्हती आली," ती म्हणाली. "त्या दिवशी मी घर बघायला येणार होते. मला वास येऊ नये म्हणून एका दिवसापुरतं बंद ठेवा म्हणायला आली होती."

मॅडमनी तो फोटो पुन्हा एकदा निरखून बघितला. त्यांना ते पटलं होतं, हे मला दिसत होतं. म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

"मी लिहून घेते तुमचं," त्या म्हणाल्या. "पण खोटं नाही सांगत. पुढच्या टप्प्यात जिथं विरोध नाही त्याच गावांना आधी घेणार आहेत. यादी वर गेलीसुद्धा. तुमचा नंबर पुन्हा कधी लागेल, मला सांगता येणार नाही."

आम्ही अर्ज लिहून दिला, सह्या केल्या आणि स्टँडवर आलो. एसटी धरली. शहर मागं पडल्यावर कल्याणी म्हणाली, "मामंजींना यातलं काही सांगायचं नाही."

"नाही सांगायचं."

"आणि यांनाही नाही."

"बरं."

ती बाहेर बघत होती. मी तिचा हात हातात घेतला. मला वाटलं, ती स्वतःला दोष देत असेल, म्हणून म्हणाले, "तुझा काही दोष नाही गं यात. तुला काय माहीत होतं?"

"मला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी येताना फाट्यावर चहाला थांबलो, तिथंच चहावाल्यानं सांगितलं होतं. वास कधी येतो, पाहुणे सकाळीच का बोलवतात, सगळं. मी बाबांना म्हटलं, आलोय तर घरात जाऊ. तिथं जी बाई असेल तिला विचारते. ती खोटं बोलली तर आल्या पावली परत जायचं. मी ठरवूनच आले होते, वैनी."

मी तिच्याकडं वळले.

"तुम्ही खोटं बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली.

रागानं नाही म्हणाली. हातही तिनं काढून घेतला नाही. गाडीनं फाटा ओलांडला. दुपार झाली होती आणि वारा फिरला होता. पुढच्या सीटपासून एकेक जण खिडकीची काच ओढून घेत होता. आमच्या सीटपर्यंत आलं तशी तिनंही उठून आमची काच लावली.